सहा ट्रम्पेट असूनही आवाज पातळ का? ब्रास बँडच्या वाद्यांची घराणी आणि त्यांचा पल्ला

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका पेठेत तालमीचं स्वतःचं बँड पथक आहे. फुंकवाद्यांत सहा ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट आणि एक युफोनियम. शिवाय साइड ड्रम, मोठा ड्रम आणि झांजा. आणखी तीन पोरं शिकायला तयार आहेत आणि चार वाद्यं घेण्यापुरते पैसे जमलेत. कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, ट्रॉम्बोन, बेस (म्हणजे ट्यूबा) यांतलं कोणतं वाद्य कुठून कुठपर्यंत वाजतं याची तुलना हवी आहे. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय: समोर उभं राहिलं की दणका वाटतो, पण पन्नास पावलं मागं गेलं की नुसती चाल ऐकू येते, आवाजाला अंग नाही.

खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. पल्ल्याचे तक्ते कुठेही मिळतात, पण तक्ता बघून वाद्य घेतलं तर पुन्हा ट्रम्पेटच घरी येतो, कारण तक्त्यात त्याचा पल्ला भरपूर दिसतो. तुमच्या पथकात वरच्या सप्तकात आठ जण दाटीनं उभे आहेत आणि खाली एकटा युफोनियम आहे. तोही बहुतेक ट्रम्पेटचीच चाल एक सप्तक खाली वाजवत असणार, आपल्याकडे तशीच पद्धत आहे. म्हणजे मधला आणि तळाचा मजला रिकामा. तो कशानं भरायचा हे ठरवायला दोन गोष्टी वेगळ्या करून समजून घ्याव्या लागतात: नळीची लांबी पल्ला ठरवते आणि नळीचा आकार आवाजाचा रंग, म्हणजे घराणं ठरवतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. वर्षातली बहुतेक वाजवणी चालत आहे की एका जागी उभं राहून, पोरांची वयं काय, सोबत कॅसिओ असतो का, मास्तर स्टाफ नोटेशनवर शिकवतात की सरगमवर, यानुसार उत्तर थोडं सरकतं. मी असं धरतो की मिरवणूक जास्त, पोरं चौदा ते वीसची आणि शिकवणं सरगमवर.

आधी लांबी. पिस्टन, म्हणजे बोटानं दाबायचे खटके, न दाबता नळी फुंकली तर पाहिजे तो स्वर निघत नाही, ठरावीक स्वरांची एक शिडीच निघते. त्या उघड्या नळीचा सा धरला तर ओठ आवळत गेल्यावर सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, प, मग एक उतरलेला कोमल नी आणि त्यावरचा सा असे स्वर येतात. हा कोमल नी इतका उतरलेला असतो की तो वापरत नाहीत. शिडीतला ग पेटीच्या ग पेक्षा साधारण १४ सेंटनं खाली असतो (एक पट्टी म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांतलं अंतर, १०० सेंट). तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार ऐकू येतो तोच हा, पाचास चार या प्रमाणातला. म्हणून कॅसिओबरोबर वाजवताना ट्रम्पेटचा हा ग उतरल्यासारखा वाटतो, तर नुसत्या पितळी वाद्यांत तोच गोड लागतो. पोराला ओरडण्याआधी हे तपासा.

खालचा सा आणि प यांच्यात सहा पट्ट्यांची जागा रिकामी राहते. ती भरायलाच तीन पिस्टन. दुसरा पिस्टन एक पट्टी उतरवतो, पहिला दोन, तिसरा तीन. जोड्या लावून सहापर्यंत उतरता येतं. त्यामुळे तीन पिस्टनच्या प्रत्येक वाद्याचा सगळ्यात खालचा भरवशाचा स्वर म्हणजे त्याच्या स्वतःच्या सा खालचा तीव्र मध्यम. वर जायला कायद्यानं मर्यादा नाही, ओठांची मर्यादा आहे. चांगल्या वाजवणाऱ्याचा व्यवहारातला पल्ला मंद्र तीव्र मध्यमापासून अतितार सा पर्यंत, म्हणजे अडीच सप्तकं. ब्रास बँडमधल्या जवळजवळ प्रत्येक पिस्टनवाल्या वाद्याला हाच हिशेब लागतो. बदलतो तो फक्त सा कुठे आहे हे.

आता तुलना. सप्तकं पेटीच्या चावीवरून मोजतो: पियानोचा मधला सी म्हणजे मध्य सप्तकातली पांढरी एक. सोबत हर्ट्झ देतो, म्हणजे मोबाईलच्या ट्यूनरवर ताडून बघता येईल. ब्रास बँडची वाद्यं आळीपाळीनं ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट, म्हणजे काळी दोन आणि काळी पाच अशी उतरत जातात.

सगळ्यात वर ई-फ्लॅट सोप्रानो कॉर्नेट, २२० ते १२४५ हर्ट्झ. इंग्लिश पद्धतीच्या पंचवीस पितळी वाद्यांच्या बँडमध्येही तो एकच असतो. तुम्हाला नको. त्याखाली बी-फ्लॅट ट्रम्पेट, कॉर्नेट आणि फ्लुगलहॉर्न. तिघांची नळी साधारण दीड मीटर आणि पल्ला अगदी एकच: मंद्र पांढरी तीन ते तार काळी पाच, १६५ ते ९३२ हर्ट्झ. म्हणजे ट्रम्पेटऐवजी कॉर्नेट घेतला तर रंग बदलेल, पल्ला रेसभरही वाढणार नाही.

मग ई-फ्लॅट टेनर हॉर्न. अमेरिकेत यालाच आल्टो हॉर्न म्हणतात, दुकानात दोन्ही नावं ऐकू येतील. नळी साधारण दोन मीटर, अतिमंद्र पांढरी सहा ते तार काळी दोन, ११० ते ६२२ हर्ट्झ. तुमच्या पथकातला रिकामा मजला नेमका हाच आहे.

त्याखाली बी-फ्लॅट टेनर थर: बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन. नळी पावणेतीन मीटर, म्हणजे ट्रम्पेटपेक्षा बरोबर एक सप्तक खाली, ८२ ते ४६६ हर्ट्झ. मग ई-फ्लॅट बेस, चार मीटर, ५५ ते ३११ हर्ट्झ. तळाला बी-फ्लॅट बेस, साडेपाच मीटर, ४१ ते २३३ हर्ट्झ. अंगावर गुंडाळून घ्यायचा सुझाफोन सहसा याच लांबीचा असतो.

फ्रेंच हॉर्न यात बसवू नका. त्याची नळी पावणेचार मीटरच्या आसपास, बेसच्या जवळ जाणारी, पण वाजतो तो शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर, जिथे स्वर एकमेकांना चिकटून असतात. ओठ जरा चुकला की शेजारचा स्वर लागतो. त्यात बेल, म्हणजे नळीचं रुंद तोंड, मागे वळलेली. चालत्या पथकाला हे वाद्य जाचक आहे.

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन पितळी घराण्यातले नाहीत. सॅक्सोफोनचं अंग पितळेचं असलं तरी आवाज वेताच्या रीडमधून येतो. अडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि सॅक्सहॉर्न नावाचा पितळी वाद्यांचा संचही त्याचाच. आजचे टेनर हॉर्न आणि बॅरिटोन त्या संचाच्या वंशातले. सगळे एका मापानं लहान-मोठे केलेले असल्यामुळे एकाची बोटं आली की सगळ्यांची येतात, आणि तुमच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय आहे. आपापल्या उघड्या नळीचा सा धरला तर ट्रम्पेटवर 'ग' ला जे पिस्टन, तेच टेनर हॉर्नवर, तेच युफोनियमवर, तेच बेसवर. म्हणूनच ब्रास बँडमध्ये बेस ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्यांचे कागद एकाच पद्धतीनं लिहितात. आज ट्रम्पेट वाजवणारं पोरगं उद्या टेनर हॉर्न उचलू शकतं.

तक्त्यातला पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला मात्र वेगळा असतो. पहिल्या वर्षी पोराकडून सा ते वरचा सा आणि फार तर त्यावरचे रे-ग मागा. दोन वर्षं नियमित वाजवलेल्या पोराचा खालचा प आणि तार प धरायला हरकत नाही. मिरवणुकीसाठी बसवताना मी पहिल्या ट्रम्पेटचं छत तार प ला ठरवतो, दुसऱ्या ट्रम्पेटचं तार ग ला. त्याच्या वरचा स्वर सरावाच्या खोलीत लागतो, पण तासभर चालून वाजवल्यावर ओठांत रक्त साचतं, पोरं माउथपीस दातांवर दाबायला लागतात आणि मग दाबून काढलेला स्वर चढा आणि किरटा होतो. खालच्या टोकालाही तेच: ट्रम्पेटचा मंद्र प निघतो, पण ड्रमपुढे ऐकू येत नाही.

म्हणून पट्टी निवडणं हा पल्ल्याचाच भाग आहे. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर काळी पाच घेतली तर गाण्याचा सा उघड्या नळीवर येतो. वर तार प पर्यंत जागा मिळते, पण मंद्र प दुबळा. काळी दोन घेतली तर गाण्याचा मंद्र प ट्रम्पेटच्या उघड्या नळीवर, ठणठणीत, पण वर तार रे लाच छत लागतं. त्यामुळे मुखडा खाली उतरणारी चाल काळी दोनवर आणि अंतरा उंच जाणारी काळी पाचवर. दोन्हीकडे पसरलेली लावणी असेल तर खालचे तुकडे सरळ युफोनियमला द्या. मूळ गायिकेची पट्टी धरून बसू नका, ती पट्टी तिच्या गळ्यासाठी होती.

इथे तीन पिस्टनच्या वाद्यांचा जन्मजात दोष सांगायला हवा, कारण तो ऐकू येतो पण कळत नाही. प्रत्येक पिस्टनची जादा नळी उघड्या नळीच्या मापानं कापलेली असते. पहिला दाबला की नळी लांब झाली. आता तिसराही दाबला तर तिसऱ्याला त्या लांब झालेल्या नळीच्या मापानं जास्त नळी द्यायला हवी होती, ती त्याच्याकडे नसते. म्हणून जोडीचे स्वर चढे लागतात. गणितानं पहिला-तिसरा साधारण ३० सेंट चढा आणि तिन्ही एकदम दाबले तर ५० सेंटच्या वर, म्हणजे अर्धी पट्टी. कारखानदार तिसरी नळी थोडी लांब ठेवून हे कमी करतात, पण पुरतं जात नाही. तिन्ही पिस्टनला कमी पडणारी नळी ट्रम्पेटवर सहा-साडेसहा सेंटीमीटर, तर बी-फ्लॅट बेसवर २४ सेंटीमीटरच्या आसपास. ट्रम्पेटवर तिसऱ्या पिस्टनच्या स्लाइडला, म्हणजे आतबाहेर सरकणाऱ्या नळीला, कडी असते ती याचसाठी. स्लाइडला दोन पाय असल्यानं जितकी नळी हवी त्याच्या निम्मी बाहेर सरकवायची, म्हणजे तिन्हीला तीन सेंटीमीटरपर्यंत आणि पहिल्या-तिसऱ्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. बऱ्याच पथकांत ती कडी गंजून जाम झालेली असते. आधी ती सोडवा.

सरगमच्या भाषेत, उघड्या नळीचा सा धरला तर मध्य सप्तकातला रे आणि मंद्र प पहिल्या-तिसऱ्यावर, आणि कोमल रे व मंद्र तीव्र मध्यम तिन्हींवर येतात. काळी पाचवर भैरवीची चाल घेतली की कोमल रे नेमका सगळ्यात बेसूर जागी बसतो आणि ऐकणाऱ्याला भैरवी लागलीच नाही असं वाटतं. तीच चाल काळी दोनवर घ्या, कोमल रे एकट्या दुसऱ्या पिस्टनवर येतो आणि प्रश्न मिटतो.

मोठ्या वाद्यांत वाजवता वाजवता इतकी नळी ओढता येत नाही. तिथे चौथा पिस्टन कामाला येतो: तो एकटाच पाच पट्ट्या उतरवतो, म्हणून पहिल्या-तिसऱ्याच्या जागी तोच दाबायचा. त्याहून पुढची सोय म्हणजे १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्लेकली यांनी काढलेली कॉम्पेन्सेटिंग रचना. तिच्यात जोडी दाबली की हवा पिस्टनमधून दुसऱ्यांदा फिरते आणि कमी पडलेली नळी आपोआप मिळते. चांगली पण महाग आणि जड. पोरांच्या पथकाला साधा तीन पिस्टनचा बेस चालतो, फक्त बेसची ओळ लिहिताना त्याच्या उघड्या नळीच्या सा नुसार रे, कोमल रे, मंद्र प आणि मंद्र तीव्र मध्यम हे चार स्वर टाळायचे.

आता घराणी. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या नळीचा मोठा भाग एकाच जाडीचा असतो आणि बेलपाशी एकदम फुलतो. अशा नळीचा आवाज जोरात फुंकला की चरचरीत, धारदार होतो आणि लांब जातो. कॉर्नेट, टेनर हॉर्न, युफोनियम, बेस यांची नळी हळूहळू रुंदावत जाते. आवाज गोल, भरीव आणि एकमेकांत मिसळणारा. फ्लुगलहॉर्न यात टोकाचा: त्याची नळी सुरुवातीपासूनच इतकी रुंदावते की मध्ये सरकती ट्यूनिंग स्लाइड बसवायला सरळ जागाच उरत नाही. म्हणून त्याचा सूर माउथपीसजवळची नळी आतबाहेर करून स्क्रूनं आवळतात. दुकानात ट्रम्पेट आणि फ्लुगल शेजारी ठेवून हे एकदा बघा, घराण्यातला फरक डोळ्यानं दिसतो.

सगळ्यात जास्त गोंधळ बॅरिटोन आणि युफोनियमचा. लांबी एक, पल्ला एक, बोटं एक. बॅरिटोनची नळी अरुंद आणि बेल लहान, आवाज हलका, उजळ, टेनर हॉर्नच्या जवळ जाणारा. युफोनियमची नळी पिस्टनपाशीच जवळजवळ १५ मिलीमीटर आणि पुढे भराभर रुंद, आवाज गडद. आपल्याकडे दुकानात कशालाही काहीही नाव देतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. दोन वाद्यं शेजारी धरा आणि पिस्टननंतरच्या नळीची जाडी बघा. माउथपीसचा दांडाही तपासा. ट्रॉम्बोनचा बारीक दांडा जाड दांड्याच्या युफोनियममध्ये डुगडुगतो, आणि तो कापड गुंडाळून बसवला तर वरचे सगळे स्वर बिघडतात.

ट्रॉम्बोनबद्दल विचारलंय. तिथे पिस्टनऐवजी स्लाइडच्या सात जागा, म्हणजे तोच सहा पट्ट्यांचा हिशेब. पिस्टनवाल्यांना न जमणारी एक गोष्ट त्याला जमते: अखंड मींड. पण ती शिडीच्या एकाच पायरीवर, जास्तीत जास्त सहा पट्ट्यांची. प वरून वरच्या सा पर्यंत मींड घेता येते, खालच्या सा वरून प पर्यंत नाही, तिथे मध्येच तुटते. मला या वाद्याचा आवाज मनापासून आवडतो. तरीही तुमच्या पहिल्या चारांत मी तो घेणार नाही. स्लाइड पूर्ण बाहेर काढली की हातभर जागा पुढे लागते, म्हणून तो पहिल्याच रांगेत ठेवावा लागतो. गुजरीसारख्या गल्लीत गर्दी अंगावर येते तेव्हा स्लाइडला एक धक्का लागला तरी ती वाकते, आणि वाकलेली स्लाइड सरळ करणं हे प्रत्येक दुरुस्तीवाल्याचं काम नाही. शिवाय ट्रम्पेटच्या पोराला त्याची पद्धत नव्यानं शिकावी लागते.

एवढ्यावरून माझं उत्तर: दोन ई-फ्लॅट टेनर हॉर्न, एक ई-फ्लॅट बेस आणि एक बॅरिटोन. सहा ट्रम्पेटांपैकी एक पोरगं हॉर्नवर न्या. जुन्यांपैकी सुरात पक्कं असलेलं, सगळ्यात कच्चं नव्हे. बारा जणांचं पथक असं बसेल: पाच ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, एक बॅरिटोन, एक युफोनियम, एक बेस. एक ट्रम्पेट शिल्लक राहतो तो दुरुस्तीच्या वेळी कामाला येईल.

ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास १६-१७ मिलीमीटर, टेनर हॉर्नचा त्याहून थोडाच मोठा, त्यामुळे ओठ आठवड्याभरात रुळतात. बॅरिटोन-युफोनियमचा २५-२६ आणि बेसचा ३२ च्या आसपास. तिथे नवी पोरं बसवा, त्यांना मोडायची जुनी सवय नसते. कुणाला काय द्यायचं हे ओठ जाड की पातळ यावरून ठरवू नका. नुसत्या माउथपीसवर ओठ थरथरवायला लावा. ज्या मापावर एक स्वर श्वासभर स्थिर राहतो ते त्याचं वाद्य. आणि एकाच दिवशी एका पोराला ट्रम्पेट आणि बेस दोन्ही वाजवायला लावू नका.

बी-फ्लॅटऐवजी ई-फ्लॅट बेस का? पहिलं कारण, श्वास कमी लागतो. दुसरं, ४० ते ६० हर्ट्झचे स्वर जनरेटर आणि ट्रॅफिकच्या घरघरीत विरून जातात. ई-फ्लॅट बेस जिथे सहज वाजतो ती ७५ ते २०० हर्ट्झची जागा रस्त्यावर खरोखर ऐकू येते. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. काळी दोनवर त्याचे सा आणि प दोन्ही उघड्या नळीवर येतात, एकही पिस्टन न दाबता. महिनाभर शिकलेलं पोरगंही कहरव्याच्या पहिल्या मात्रेला सा आणि पाचवीला प देऊ शकतं. टेनर हॉर्नलाही काळी दोनवर हीच सोय. त्यांना तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला छोटे, तुटक स्वर द्या: एकाला सा, दुसऱ्याला ग किंवा प. दादऱ्यात बेस पहिल्या मात्रेला आणि हॉर्न दुसऱ्या-तिसऱ्याला. काळी पाचवर गेलात तर बेसचा खालचा प पहिल्या-तिसऱ्यावर चढा लागेल, तिथे वरचा प घ्या, तो एकट्या पहिल्या पिस्टनवर येतो.

इथे दिशेचा विचार करा. टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम आणि उभा बेस या सगळ्यांची बेल आभाळाकडे असते. महाद्वार रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे तो आवाज परत खाली येतो आणि छान भरतो. दसरा चौकातल्या मोकळ्या जागेत तो वरच्या वर जातो. तुमची बहुतेक वाजवणी मोकळ्यावर असेल तर पुढे तोंड असलेला सुझाफोन घेण्यात अर्थ आहे, पण पितळी सुझाफोन साधारण १२ ते १५ किलोचा, तो खांद्यावर घेऊन तास-दोन तास चालणारा गडी हवा. तालमीत तो मिळेलही.

चार नवी वाद्यं आली म्हणून अंग आपोआप येत नाही. पाच ट्रम्पेट जोरात असले की दोन हॉर्न ऐकूच येणार नाहीत. मुखड्याला तिघेच ट्रम्पेट ठेवा आणि अंतऱ्याला पाचही. युफोनियमनं ट्रम्पेटचीच चाल खाली वाजवणं थांबवा. त्याला चालीच्या मोकळ्या जागी भरणारी वेगळी ओळ द्या, आणि बॅरिटोननं त्या ओळीला आधार द्यावा.

खरेदीबद्दल. नवी वाद्यं बहुतेक मेरठच्या जली कोठीची असतात, तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. एकाच मॉडेलचे दोन नगही सारखे नसतात, म्हणून ट्यूनर घेऊन प्रत्येक नग वाजवून घ्या: उघड्या नळीचे सा, प, वरचा सा, मग पहिला-तिसरा. सा बरोबर आणि वरचा सा २० सेंटच्या वर सरकत असेल तर तो नग ठेवून द्या, स्लाइड ओढून ते दुरुस्त होत नाही. पिस्टनची घट्टी बघायला दुसऱ्या पिस्टनची छोटी स्लाइड पिस्टन न दाबता झटकन ओढा. बुच उघडल्यासारखा आवाज आला तर घट्टी ठीक, नुसतीच सरकली तर पिस्टन झिजलेला.

जुन्या पथकाचं इंग्लिश वाद्य स्वस्तात मिळत असेल तर पितळ अप्रतिम असतं, पण एक तपासणी चुकवू नका. इंग्लंडमधले ब्रास बँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उंच पट्टीवर, म्हणजे ए (पांढरी सहा) हा स्वर साधारण ४५२ हर्ट्झवर धरून वाजत आणि वाद्यं त्याच मापानं बनत. आजच्या ४४० पेक्षा ती जवळजवळ अर्धी पट्टी चढी. युफोनियमला हा फरक भरायला मुख्य स्लाइड चार सेंटीमीटर ओढावी लागते, आणि मग प्रत्येक पिस्टनची स्लाइडही त्या प्रमाणात. स्लाइड पुरत नसेल तर कारागिराकडून लांब स्लाइड करून घेण्याचा खर्च किमतीत धरा, नाहीतर कॅसिओबरोबर ते वाद्य कधीच जुळणार नाही.

सूर लावण्याची वेळही महत्त्वाची. हवा एक अंशानं तापली की पितळी वाद्य साधारण तीन सेंट चढतं. ट्रम्पेटची नळी श्वासानं लवकर गरम होते, बेसची होत नाही, म्हणून जोतिबाच्या डोंगरावर पहाटेच्या गारव्यात ट्रम्पेट चढे आणि बेस उतरलेला असं हमखास होतं. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी लांब स्वर वाजवावेत, मग सूर लावावा, आणि तो बेसवरून लावावा: त्याची स्लाइड पूर्ण आत घेऊनही तो उतरलेला असेल तर ट्रम्पेटांनी बाहेर यावं. कॅसिओ सोबत असेल तर त्याचाच सूर ट्यूनिंगच्या बटणानं थोडा खाली घ्या.

पैसे टप्प्याटप्प्यानं येणार असतील तर पहिला बेस घ्या, मग दोन्ही हॉर्न एकदम, कारण एकटा हॉर्न पाच ट्रम्पेटांत हरवतो. बॅरिटोन शेवटी. तोवर मधली ओळ युफोनियमला वाजवू द्या आणि त्याच्या माउथपीसचा दांडा जाड की बारीक हे मोजून ठेवा, म्हणजे बॅरिटोन घेताना एकच जादा माउथपीस दोघांना चालेल का ते दुकानातच कळेल.